नाताळचा फराळ आणि उपकारस्तुती: तुमच्याकडे पहिलं ताट कुणाकडे जातं?

छावणीची_लेक

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून मिशनच्या शाळेत शिकवायला इथे आले आणि इथलेच झाले. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, आणि इंदूरकरांना त्या नावाचं अप्रूप सांगायला नको.) आमची उपासना हिंदीत, घरातली प्रार्थना मराठीत आणि फराळ दोन्हीकडचा. डिसेंबर उजाडला की सियागंजातून खोबऱ्याच्या वाट्या, खसखस, बेदाणे, मैदा असं सामान येतं. मग करंज्या, शंकरपाळे, चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा, रव्याचे लाडू, कुलकुल (मैद्याच्या छोट्या गोळ्या वळून तळलेला गोड पदार्थ) आणि भट्टीवरून भाजून आणलेला केक.

आमच्या आजीने एक पद्धत घालून दिली होती. पहिला घाणा निघाला की कुणी तोंडात टाकायचा नाही. गॅस बंद करायचा, सगळ्यांनी ओट्याजवळ उभं राहायचं आणि प्रत्येकाने एका माणसाचं नाव घ्यायचं, ज्याच्यामुळे हे वर्ष निभावलं. "देवा, सगळ्यासाठी तुझे आभार" असं मोघम चालायचं नाही. आजी म्हणायची, नाव घे. लहानपणी मी शाळेच्या बसमधल्या मावशींचं नाव घेतलेलं आठवतं. बाबा आजारी पडले त्या वर्षी आईने त्या रिक्षावाल्या दादांचं नाव घेतलं, जे मध्यरात्री बाबांना दवाखान्यात घेऊन गेले आणि आम्ही आत धावल्यावर पैसे न घेताच निघून गेले. त्यांना शोधायला भाऊ स्टँडवर तीनचार संध्याकाळी जाऊन उभा राहिला, पण ताट पोचलं. म्हणजे आमच्याकडे वाटपाची यादी प्रार्थनेतूनच तयार होते. ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरी पहिलं ताट, मग नातेवाईक, मग आपण.

यंदा आईचे गुडघे फार दुखतात. वहिनीची आणि माझी नोकरी. भाऊ म्हणतो, "सगळं बाहेरून मागवू, छान पॅकिंग करून देतात." तो प्रेमानेच म्हणतो, आईला त्रास नको म्हणून. पण मला ते पटत नाहीये आणि का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. तुमच्याकडे काय करतात? फराळ, आभार आणि वाटप यांची सांगड कशी घालता? पाककृतीही येऊ द्या, विशेषतः कुलकुलच्या.

महूकर

छान धागा, ताई. केकबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरी ते खातं पुरुषांकडे आहे.

भट्टीवाल्याकडे आधी दिवस ठरवून घ्यायचा. नाताळच्या आदल्या आठवड्यात रांग असते. सामान आपलं न्यायचं. आमचं प्रमाण सरळ आहे: अर्धा किलो मैदा, अर्धा किलो साखर, अर्धा किलो लोणी, दहा अंडी. त्यात बेदाणे, काजू, टुटीफ्रुटी, पेठ्याचे बारीक तुकडे आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा. नागपुरी संत्री तेव्हा बाजारात भरपूर असतात, सालं फेकू नका. पांढरा भाग खरवडून, दोनदा पाणी बदलून उकळा म्हणजे कडूपणा जातो, मग साखरेत शिजवा. सुका मेवा आम्ही संत्र्याच्याच रसात भिजवतो, कारण घरात दारू आणत नाही. पण मग तो फ्रीजमध्येच ठेवायचा आणि चारसहा दिवसांत वापरायचा.

रंगासाठी साखर जाळायची. जाड बुडाच्या पातेल्यात साखर गडद तपकिरी झाली, धूर निघायला लागला की गॅस बंद करून उकळतं पाणी अगदी थोडं थोडं घालायचं. गार पाणी घातलं तर भस्सकन अंगावर उडतं. मुलांना लांब ठेवा.

भट्टीवर लोणी-साखर आपल्यादेखत फेटतात. पाव निघून गेल्यावर भट्टीची धग थोडी उतरते, तेव्हा केक आत जातात. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. तासाभराच्या त्या थांबण्यात मी जितक्या लोकांना भेटतो तितक्यांना वर्षभरात भेटत नाही. कुणाची मुलगी परीक्षा पास झाली, कुणाच्या घरी यंदा एक खुर्ची रिकामी आहे, सगळं तिथे कळतं. भट्टीचे मालक मुसलमान आहेत. त्यांच्या वडिलांपासून आमचे केक तिथेच भाजले जातात. केक निघाला की पहिली वडी कापून त्यांनाच द्यायची, हे आमच्या वडिलांनी लावलेलं वळण.

निशिगंध

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

घरचा फराळ, हाताची चव, आजीची पद्धत हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण ते कुणाच्या पाठीवर उभं असतं? माझ्या सासरी नाताळच्या आधीचे दहाबारा दिवस मी ऑफिसातून येऊन रात्री बारापर्यंत तळत बसायचे. चोवीसच्या रात्री चर्चमध्ये मला उभ्या उभ्या झोप यायची. सगळे कॅरल गाताहेत आणि माझ्या मनात फक्त उद्याच्या पुलावाचा तांदूळ. देवाचे आभार झाले, शेजाऱ्यांचे झाले, पाळकसाहेबांचे झाले. जी कढईपुढे बसली होती तिचं नाव कुणी घेतलं नाही.

मार्था आणि मरीया यांची गोष्ट आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये ऐकली आहे. मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत होती आणि मार्थेची कामाने तारांबळ उडाली होती. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, उपदेश मरीयेचा होतो आणि अपेक्षा मार्थेकडून असते. म्हणून मी म्हणेन, छावणीची_लेक, भाऊ बरोबर बोलतोय. आईचे गुडघे आधी.

शेवचिवडा

निशिगंधताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे चिवडा आणि शंकरपाळे घरी, बाकी विकत. कुणाचं काही बिघडत नाही.

जुनी_वही

निशिगंध, तू लिहिलंस ते बरं झालं, बाळा. मी निवृत्त शिक्षक, वय झालेला माणूस. माझ्या आईने आणि बायकोने जन्मभर ही कढई सांभाळली आणि तुझा प्रश्न त्यांच्या वतीनेही आहे असं मला वाटलं.

मार्थेची गोष्ट पुन्हा वाच. तिथे प्रभू तिला "काम का करतेस" असं म्हणत नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस, असं म्हणतो. दोष स्वयंपाकाचा नाही, दगदगीचा आहे. आणि दगदग एकटीच्या वाट्याला आली की होते. त्याच प्रभूने पुढे काय केलं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. शिष्यांना रात्रभर जाळी टाकून काही मिळत नाही, पहाटे प्रभूच्या सांगण्यावरून जाळं भरतं, आणि ते किनाऱ्याला येतात तर काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर तयार. पुनरुत्थित प्रभू स्वतः रांधून "या, न्याहारी करा" म्हणतो. हा उतारा ज्या घरात वाचला जातो तिथल्या पुरुषांना कढईजवळ बसायला लाज वाटू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं याचं उत्तर बायबलच्या जुन्या करारातल्या नहेम्याच्या आठव्या अध्यायात आहे. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत जमले आहेत, नियमशास्त्र वाचलं जातंय आणि ऐकता ऐकता ते रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं की आजचा दिवस रडण्याचा नाही. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार केलेलं नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. दहावं वचन. फराळाचं ताट पाठवण्याची आज्ञाच म्हणा ना.

तिथे वाटा घरी केलेला असावा की विकतचा, हे लिहिलेलं नाही. कुणाकडे पाठवायचा हे मात्र स्पष्ट लिहिलंय. आणि आपण काय करतो? ज्यांच्या घरी आधीच चार डबे भरलेले आहेत त्यांच्याकडे पाचवा पाठवतो.

छावणीची_लेक

काका, शेवटची ओळ लागली. आमची यादी नावं घेऊन होते खरी, पण गेल्या काही वर्षांत तीच तीच नावं येताहेत.

निशिगंध, तुझ्यावर राग कशाला? तुझी ती चोवीसची रात्र वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे आजीच्या काळापासून सगळे बसतात. जमिनीवर चादर, मधे परात, आजूबाजूला लहानथोर. कुलकुल वळायला तर मुलंच लागतात, त्यांची बोटं बारीक. बाबा करंज्या कातायचे, त्यांच्याइतकी सारखी कड आईलाही येत नाही. एकजण प्रार्थनेचे विषय सांगायचा, कुणीतरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन धरायचं. टिळकांची भजनं आम्हाला चर्चमध्ये गायला मिळत नाहीत, कारण तिथे हिंदी. ती घरात या परातीभोवतीच शिकलो. मला वाटतं, बाहेरून मागवायचं म्हटल्यावर माझा जीव अडकतो तो त्या बैठकीत. करंजीत नाही.

रामबागची_सून

मी हिंदू, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आले तेव्हा शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब होतं. पहिल्याच डिसेंबरात त्या काकू ताट घेऊन आल्या. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं. मला वाटलं केक असेल. रुमाल काढला तर करंज्या, अनारसे, चकली! माझ्या माहेरच्या दिवाळीसारखं सगळं. त्या दिवाळीत मी सासरी नवीन, आईची फार आठवण आलेली, आणि माहेरचा फराळ मला मिळाला तो नाताळात. मी त्यांच्यासमोरच रडले. काकूंनी काही विचारलं नाही, नुसता पाठीवर हात फिरवला.

आमच्यात रिकामं ताट परत करत नाहीत, म्हणून ते ताट मी संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाची पोळी घालून पाठवलं. तेव्हापासून दिवाळी, नाताळ, संक्रांत असं ते एकच ताट फिरतंय. काकू आता नाहीत. त्यांचा मुलगा आणतो. चकली त्याची स्वतःची, थोडी जाड, पण खुसखुशीत असते.

खुसखुशीत

कुलकुल विचारलंय म्हणून देते. आमचं घराणं वसईकडचं, वडील नोकरीनिमित्त इथे आले.

अर्धा किलो मैदा, पाव वाटी बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मळायला घट्टसर नारळाचं दूध, लागेल तेवढंच. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल. अर्धा तास झाकून ठेवा.

मग बोराएवढी गोळी घ्यायची. काट्याच्या पाठीला तेलाचा हात लावायचा, गोळी त्यावर अंगठ्याने चपटी दाबत खाली ओढायची आणि टोकापासून वळत आणायची. वरती रेघा उमटतात आणि आत पोकळ नळी राहते. शेवटचं टोक दाबून बंद करा, नाहीतर तेलात उलगडतं. आमच्याकडे काही जण या कामासाठी नवी कोरी फणी ठेवतात. रेघा जास्त बारीक येतात. मध्यम आचेवर, कढईत गर्दी न करता तळा. मोठ्या आचेवर वरून लाल आणि आत कच्चे राहतात. सोनेरी झाले की काढा, कारण बाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो.

यात अंडं नाही, पण नेहमीच्या कढईत तळलं तर शेजारच्या जैन मंडळींना चालेलच असं नाही. इंदूरला हा विचार करावा लागतो. आमच्याकडे कढई, झारा, तेल वेगळं. बिनअंड्याचं सगळं पहिल्या दिवशी करून डबे भरून टाकायचे, त्यानंतर अंड्याचं काम. आणि देताना स्पष्ट सांगायचं, याच्यात अंडं नाही, कढई वेगळी आहे. समोरचा निर्धास्तपणे खातो तेव्हा बरं वाटतं.

महूकर

खुसखुशीत, शंकरपाळ्यांचं आमचं प्रमाण जोडतो: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळायचं नाही. गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या.

आणि करंजीबद्दल: इकडे हिंदी भाषक ख्रिस्ती घरांत माव्याची गुझिया होते, आपल्याकडे सुक्या खोबऱ्याची. दोन्ही करत असाल तर माव्याच्या आधी वाटा, त्या चारपाच दिवसांच्या वर ठेवू नयेत. खोबऱ्याच्या तीन आठवडे टिकतात, खोबरं आणि रवा नीट भाजला असेल तर.

पांढरी_टोपी

मी नर्स आहे. सरकारी रुग्णालयात. काकांनी नहेम्याचं वचन लिहिलं त्यावर सांगते.

पंचवीस डिसेंबरला मला बरेचदा रात्रपाळी असते. लहान मुलं असलेल्या मैत्रिणींना सुटी मिळावी म्हणून मीच मागून घेते. एका वर्षी वॉर्डात धारकडच्या एका बाई होत्या, मुलाच्या उशाशी बसलेल्या. नाताळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या डब्यात आईने दिलेले शंकरपाळे होते. मी त्यांच्या हातावर मूठभर ठेवले. त्यांनी त्यातला एकही खाल्ला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले, मुलगा उठला की द्यायला म्हणून. पहाटे तो उठला. दोघांनी मोजून अर्धे अर्धे खाल्ले, आणि उरलेला एक बाईंनी मला आणून दिला.

तो मी खाल्ला. मला त्या रात्री चर्चला जाता आलं नव्हतं, पण प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतात त्या विधीला, गेल्यासारखं वाटलं. हे बोलणं कुणाला खटकलं तर क्षमा असावी, पण मला तसंच वाटलं होतं.

जुनी_वही

मुली, कुणाला खटकणार नाही.

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवले. दहाही बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे ज्याला लोक परका समजत. तुझ्या वॉर्डातल्या त्या बाईंनीही घेतलेल्यातला एक परत आणून दिला.

निशिगंध

काका, योहानाचा एकविसावा अध्याय आज जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चकलीचा सोऱ्या मी धरीन, मला जोर आहे." नवऱ्याने तळणाचं आपल्याकडे घेतलंय. मी यंदा फक्त करंज्यांचं सारण करणार, तेही मला आवडतं म्हणून.

आणि एक. छावणीची_लेक, तुमच्या आजीची पद्धत मी उचलतेय. ओट्याजवळ उभं राहून नाव घ्यायची. मी सासूबाईंचं नाव घेणार आहे. त्यांनी माझ्याआधी तीसपस्तीस वर्षं एकटीने हेच केलं असेल, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

शेवचिवडा

एक शंका. वर्षअखेरच्या उपासनेत, एकतीसच्या रात्री, आमच्या मंडळीत साक्षी देतात. कुणीही उभं राहून वर्षभरातल्या उपकारांबद्दल बोलायचं. मला चारचौघांत बोलवत नाही, मग आभार मनातच राहतात. ताट पाठवणं ही साक्षच झाली ना?

जुनी_वही

झाली. फक्त ताट देताना दारातून परतू नकोस. दोन मिनिटं बस आणि कशासाठी आणलंय ते सांग. "सणाचं आहे, घ्या" एवढ्याने समोरच्याला कळत नाही की आपण कुणाच्या तरी प्रार्थनेत होतो.

छावणीची_लेक

काल घरी बैठक झाली. ठरलं ते लिहिते.

चकली, लाडू, चिवडा विकत आणायचा. आमच्या मंडळीतल्या एक विधवा ताई ऑर्डर घेतात, त्यांच्याकडूनच. भावाचाही मान राहिला आणि ते पैसे योग्य घरी जातील. करंज्या, शंकरपाळे, कुलकुल घरी. एकच रविवार, सगळ्यांनी मिळून, संध्याकाळी सातला कढई उतरवायची म्हणजे उतरवायची. आई खुर्चीवर बसून करंज्या भरणार. तिला अजिबात हात लावू न देणं हीसुद्धा शिक्षाच झाली असती, हे ती स्वतःच बोलली. केक महूकरांच्या प्रमाणाने, भट्टीवर भाऊ जाणार.

यादीचं असं की भाचीने सुचवलं. भंवरकुआंला कोचिंगसाठी बाहेरगावची किती मुलंमुली खोल्या घेऊन राहतात. परीक्षा जवळ म्हणून त्यातली बरीच नाताळला घरी जात नाहीत. ख्रिस्ती असोत नसोत, नहेम्याच्या हिशेबात ती बसतात. तिच्या क्लासमधल्या झाबुआच्या दोन मुली ख्रिस्ती आहेत, त्या पंचवीसला आमच्याकडे जेवायलाच येतील. बाकीच्यांसाठी डबे भरायचे आहेत. बिनअंड्याचे वेगळे, वर चिठ्ठी लावून.

इंदूरमधलं कुणी हात लावू शकेल का? डबे आमच्याकडे आहेत, फराळ कमी पडेल असं दिसतंय.

रामबागची_सून

माझ्याकडून दोन किलो चिवडा आणि तिळाचे लाडू. रविवारी दुपारी मी आणि काकूंचा मुलगा आणून देतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

महूकर

माझा एक जास्तीचा केक तुमच्या डब्यांत. भट्टीचा दिवस बावीस डिसेंबर ठरलाय. तुमच्या भावाला त्याच वेळी पाठवा, रांगेत जागा धरून ठेवतो.

पांढरी_टोपी

मला यंदाही रात्रपाळी आहे, पण सकाळी आठला सुटते. भंवरकुआं माझ्या वाटेवरच आहे. पंचवीसच्या सकाळी मुलींच्या खोल्यांवरचे डबे माझ्याकडे द्या.